धुळीवर आळ

आम्ही वाघोलीला राहायला आलो तेव्हा जो तो म्हणाला, "खाणींचं गाव ते, धूळ फार!" त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमच्या सौ.ला कोरडा खोकला सुरू झाला तेव्हा आरोपी हजरच होता. खिडक्या लागल्या, पडदे धुतले गेले, ज्येष्ठमध आले. खोकला हलेना. वाघेश्वराच्या देवळापर्यंत जाताना ती दोनदा थांबू लागली. "वय झालं हो," ती म्हणे. मीही मान डोलवी.

खरे तर बोटे केव्हापासून सांगत होती. थंडीत तांदूळ धुताना ती पांढरीफटक पडत, मग निळी, मग लाल. सुजेने अंगठी निघेना. सांधे धरत. पण बोटांचे आणि खोकल्याचे नाते असेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी तिची बोटे निरखली, पाठीला नळी लावली आणि विचारले, "आधी काय? बोटं की खोकला?"

"बोटं. दोन वर्षं झाली."

मग उलगडा झाला. शरीराची रक्षक शक्तीच शरीरावर उलटते आणि ल्यूपस, स्क्लेरोडर्मा, स्नायूंचा दाह अशी तीन बिऱ्हाडे एकाच वाड्यात नांदू लागतात. अमेरिकेत डॉ. गॉर्डन शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली अशा मिश्र आजाराचे वर्णन केले. त्यात फुप्फुसातले नाजूक पडदे सुजतात, पुढे कडक होतात; प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. सीटी स्कॅन आणि श्वासाची चाचणी खरे बोलतात.

"मग धूळ?" मी विचारले.

"धूळ वाईटच. पण हा गुन्हा तिचा दिसत नाही."

जो भाग कडक झाला, तो पूर्ववत होणार नाही. उरलेला औषधांनी सांभाळायचा आहे. ती दोन वर्षे मात्र मला टोचतात.

वाचकहो, थंडीत बोटांचा रंग बदलणाऱ्या बहुतेकांना असले काही नसते. पण जोडीला सूज, सांधेदुखी असेल, तर डॉक्टरांकडे फुप्फुसांचीही चौकशी करा; खोकल्याची वाट पाहू नका.

हल्ली आमच्याकडे तांदूळ मी धुतो. "अहो, किती चोळता! दाणे मोडतील," ती खुर्चीवरून सांगते. सांगताना मध्ये थांबत नाही, हे मी मोजत असतो.