गाळलेल्या जागा कोण भरतं?

'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न मुलांना सोपा वाटतो. मागचा-पुढचा शब्द पाहायचा आणि अंदाज करायचा. ऑडिओ सीडीवर ओरखडे आले की यंत्रही हेच करतं.

सीडीवर दर सेकंदाला, प्रत्येक चॅनलसाठी, आवाजाची 44,100 मापं असतात. ती सलग न लिहिता विखरून लिहिलेली असतात, सोबत पडताळणीचे जादा आकडे. म्हणून ट्रॅकवरचं सुमारे अडीच मिलिमीटरचं नुकसान अगदी बिनचूक भरून निघतं. त्याहून मोठं असेल तर शेजारच्या मापांची सरासरी काढून मधली जागा भरली जाते. तेही जमलं नाही तर क्षणभर शांतता.

डेटा सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. तोही हरला की ड्राइव्ह सरळ सांगतो, वाचता येत नाही. पगारपत्रकातल्या आकड्यांची सरासरी कशी चालेल? गाण्यात चालते, कानाला कळतही नाही.

माझ्याकडच्या एका सीडीवर मात्र गाणी नाहीत. अब्बांनी दखनीत सांगितलेल्या गोष्टी आहेत, घरीच रेकॉर्ड केलेल्या. अब्बा आता नाहीत आणि सीडीची दुसरी प्रत नाही. ती कॉम्प्युटरवर उतरवताना मला गोड आवाज नको होता, खरा हवा होता.

'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम त्याच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचतो. उत्तरं जुळली नाहीत तर पुन्हा पुन्हा वाचतो. सोळापैकी आठ वाचनं सारखी आली तरच मानतो. वाईट तुकडा तो 82 वेळांपर्यंत वाचतो. काही ड्राइव्ह चकतीकडे न पाहता कॅशमधलंच जुनं उत्तर पुन्हा देतात, तीही पळवाट तो बंद करतो. तरी ड्राइव्ह दर वेळी तीच चूक करत असेल तर ती पकडली जात नाही. बाजारातल्या सीडीचं वाचन 'अ‍ॅक्युरेटरिप'वर इतरांच्या वाचनाशी ताडून पाहता येतं. अब्बांचं कोणाशी ताडणार?

म्हणून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी घातली. एक जागा सोडून सगळं जुळलं. तुमच्याकडे अशी सीडी असेल तर हे नक्की करा. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो.

न जुळलेल्या जागेची वेळ मी फाइलीच्या नावातच लिहून ठेवली आहे. तिथे अब्बा काय म्हणाले, हे मुलं विचारतील. तेव्हा सांगेन, इथे वाचता येत नाही.