रांगत्या मुलाच्या घरातली साफसफाई

अलिबागच्या घरांत स्वच्छतेचा खरा शत्रू धूळ नव्हे, ओल. जूनपासून चार महिने पाऊस आणि एरवी खारा वारा, त्यामुळे भिंती पुरत्या सुकतच नाहीत. कपाटामागे बुरशी धरते, मोरीत शेवाळ येते आणि ओट्याखाली झुरळे वाढतात. या सगळ्यांवर दुकानात जालीम बाटल्या मिळतात आणि मोठ्या माणसांच्या घरात त्या खपूनही जातात. रांगते मूल मात्र दिवसभर लादीवरच असते आणि तेच हात तोंडात घालते. वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवाही आत घेते. आमच्या घरी मूल रांगू लागले तेव्हा साफसफाईची सगळी घडीच बदलावी लागली.

बदलाची सुरुवात ओलीपासून झाली. कौलांची गळती पावसाआधी काढणे आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, एवढ्यानेच निम्मी बुरशी टळते. उघडीप मिळाली की खिडक्या सताड उघडायच्या. आलेली बुरशी कोरड्या झाडूने झाडली तर तिचे बीजाणू घरभर उडतात. म्हणून नाकातोंडावर फडके बांधून ती साबणाच्या पाण्याने पुसायची आणि जागा पंख्याखाली खडखडीत वाळू द्यायची. चुन्याच्या सफेदीवर बुरशी सहजी धरत नाही. पण ओला चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते, म्हणून सफेदीच्या दिवसांत मुलाला आजोळी धाडलेले बरे.

लादीला रोज फिनाईल लागत नाही. साधे पाणी, थोडा साबण आणि नंतर वारा एवढे पुरते. घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल तेव्हा पातळ केलेले ब्लीच योग्यच. तिथे घरगुती उपायांचा हट्ट धरू नये. मात्र ब्लीच आणि संडासाचे ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन सुटतो. १९१५ साली इप्रच्या रणांगणावर सोडला गेला तो हाच वायू, आणि बंद न्हाणीघरात तो थोडासाही घातक ठरतो. संडासाच्या भांड्यावरचे क्षारांचे पांढरे थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यानेही सुटतात; त्याला फक्त जास्त वेळ द्यावा लागतो.

भांड्यांसाठी रिठे चांगले. बिया काढून साली रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी कुस्करून गाळायच्या. सॅपोनिनमुळे पिवळसर पाण्यावर दाट फेस चढतो. हे पाणी लवकर आंबते, म्हणून थोडेच करावे. तांब्याच्या घागरीला सोलकढीसाठी भिजवून पिळलेली आमसुले मिठाबरोबर चोळली की काळपटपणा निघतो आणि आतले गुलाबी तांबे डोळ्यांदेखत उजळते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची मात्र सध्या उगीच टूम आहे. दोन्ही एकमेकांना मारतात, फसफस होते आणि उरते ते जवळजवळ नुसते पाणी. ते वेगवेगळे वापरावेत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज सर्वांत धोक्याचा. रिठ्याचे पाणी डोळ्यांना झोंबते आणि रिठ्याची गोल बी लहान मुलाच्या घशात अडकू शकते. डांबरगोळ्यांतले नॅप्थालीन जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडते, म्हणून डांबरगोळ्या घरात नकोतच. पण त्यांच्या जागी ठेवला जाणारा देवघरातला कापूरही मुलाने खाल्ला तर झटके येऊ शकतात. कपड्यांना कडक ऊन आणि घट्ट झाकणाचा डबा हाच खरा पर्याय. झुरळांचा खडू तर हुबेहूब पाटीवरच्या पेन्सिलीसारखा दिसतो आणि त्यात कीटकनाशक असते. त्यापेक्षा रात्री ओटा कोरडा करून खरकटे बाहेर काढलेले उत्तम.

काय विकत घेतले यापेक्षा ते कुठे ठेवले याला जास्त महत्त्व आहे. सुट्टे फिनाईल किंवा रॉकेल सरबताच्या, थंड पेयाच्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवण्याची सवय घरोघर दिसते, आणि मूल ते पेय समजूनच तोंडाला लावते. मूळ बाटली, मूळ लेबल आणि कडी असलेले उंच कपाट यांत तडजोड नको.

तरीही मुलाने काही प्यायलेच, तर त्याला उलटी करायला लावू नये. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसांत उतरते आणि ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. मीठपाणीही पाजू नये. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देते. हा क्रमांक आमच्याकडे फ्रिजच्या दारावर लावलेला आहे.