आतेकडचे जेवण

न्यूयॉर्कला मुलीकडे जायला निघालो तेव्हा सामानात मेतकूट, कुळथाचे पीठ आणि आमसुले यांच्या जोडीला एक निरोपही होता. माझ्या शाळासोबत्याचा धाकटा भाऊ रत्नागिरीला मुद्दाम घरी येऊन सांगून गेला, "दादाला म्हणावं, आता पुरे झालं. वहिनी गेली, मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला. एकट्यानं तिथं काय करायचं? मागची खोली रंगवून ठेवलीय. तुमचं तो ऐकेल." दादाने साठ वर्षांत माझे एकदाही ऐकलेले नाही, हे मी त्याला सांगितले नाही.

"रविवारी आतेकडे जेवायला जाऊ," मित्र फोनवर म्हणाला. मी चपापलो. त्याची एकुलती एक आते आम्ही मॅट्रिकला असताना वारली. तिच्या तेराव्याला मी स्वतः जेवलेलो आहे. एकटेपणाचा माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणतात. निरोप लवकर सांगायला हवा, असे मनाने घेतले.

क्वीन्समध्ये रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर आगगाडी डोक्यावरून धावते आणि ती जाईपर्यंत खालच्या माणसांना बोलणे थांबवावे लागते. ७४व्या रस्त्याशी आपली साड्यांची आणि सोन्याची दुकाने. तिथून चार-पाच रस्ते ओलांडले तो पाट्यांवरची नावे पालटली. ७०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तर 'लिटल मनिला ॲव्हेन्यू' असे नावच २०२२ साली लागले आहे. जवळच एक चिंचोळे खानावळवजा दुकान होते. सहा टेबले, काचेमागे वाफाळणारी भांडी.

"आते!" मित्राने हाक मारली.

पन्नाशीची एक ठेंगणी बाई लगबगीने पुढे आली. फिलिपिनो भाषेत 'आते' म्हणजे थोरली बहीण. आणि खानावळीतल्या अनोळखी बाईलाही तीच हाक मारायची रीत. माझ्या वैद्यकीय शंकेचे तिथेच निरसन झाले. बाई त्याला 'तातय' म्हणाली, म्हणजे बाबा. पुढे काहीतरी विचारले. मित्राने अर्थ सांगितला, "जेवलात का, म्हणते."

खानावळीत आलेल्या माणसाला 'जेवलात का' विचारणारी ही पहिलीच मालकीण मी पाहिली!

काचेवर बोट दाखवायचे आणि वाढून घ्यायचे, असा तिथला शिरस्ता. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. सुरीचे नाव नाही. भाताबरोबर 'सिनिगांग' आले. माशाचे नाव मित्राने 'बांगुस' सांगितले, ते मी आशेने 'बांगडा' ऐकले. तो बांगडा नव्हता. पण रस्सा चिंचेचा, आत मुळा, भेंडी, चवळीच्या शेंगा. मिरची नाही, खोबरे नाही. नुसता आंबट, पातळ, कढत. पहिल्या चमच्याला मी नाक मुरडले आणि तिसऱ्याला वाडगा जवळ ओढला. बाजूला कच्च्या पपईचे गोडसर लोणचे. त्याला ते 'अचारा' म्हणतात. "आणि आशेला 'आसा'," मित्र म्हणाला, "शिक्षकाला 'गुरो'." एवढा समुद्र ओलांडून आपले शब्द तिथे केव्हाच जाऊन राहिलेले. त्यांना परत चला म्हणून कोणी निरोप धाडला नसावा.

शेवटी 'हालो-हालो' आले. हालो-हालो म्हणजे कालवाकालव. कुटलेला बर्फ, दूध, गोड घेवडे आणि वर जांभळ्या आइस्क्रीमचा गोळा. "ओळख पाहू," मित्र म्हणाला. मला ओळखता येईना. "कोनफळ रे! तुमच्या परसातलं." आईच्या एकादशीच्या कोनफळाचे कोणी आइस्क्रीम करील, हे तिने मुळीच मान्य केले नसते.

आता बोलावे म्हणून मी खाकरलो. "तुझा भाऊ..."

"मागची खोली ना? रंग कोणता दिलाय तेही मला ठाऊक आहे." तो चमच्याने बर्फ ढवळत राहिला. मग म्हणाला, "हिचं अन्न तुटलं होतं शेवटी. इस्पितळातली नर्स फिलिपिनो होती."

१९४८ पासून या परिचारिका अमेरिकेत येऊ लागल्या आणि १९६५च्या कायद्यानंतर त्यांचा ओघच लागला. त्याच कायद्याने उघडलेल्या दारातून पुढे माझा मित्रही आत शिरलेला.

"ती एका दुपारी डबा घेऊन आली. 'लुगाव' म्हणाली. तांदूळ आणि आलं, शिजवून शिजवून पातळ केलेलं. मी म्हटलं, ही कसली खातेय! तर हिनं तोंड उघडलं. दोन चमचे घेतले. तीन दिवसांत बोलली नव्हती, ती म्हणाली, 'पेज.'"

वरून गाडी गेली. तिचा खडखडाट संपायला वेळ लागला.

"तो डबा इथून गेला होता," तो म्हणाला. "मी संध्याकाळी फिरायला निघतो तेव्हा आते दारात येऊन विचारते. रोज."

पुढे मी काही बोललो नाही. निघताना बाईने न सांगता एक झाकणाचा डबा त्याच्या हातात ठेवला, आणि एक माझ्याही. पैसे द्यायला गेलो तर दोघांनीही मला गप्प केले.

रात्री रत्नागिरीहून फोन आला. तिकडे सकाळ झाली होती. मागे कुठेतरी कावळे ओरडत होते. "भेटलात ना दादाला? काय म्हणाला?"

"जेवला," मी म्हटले. "पोटभर जेवला."