लाल दिवा

८ डिसेंबर
आई चांदवडहून आली. येताच नाशिकच्या थंडीला नावं ठेवून झाली. गिझरचं पाणी अंगाला लागत नाही म्हणते. चुलीवरच्या हंड्याचंच हवं.

१० डिसेंबर
बाथरूमचा गरम नळ पुन्हा ठिबकतोय. वॉशर दिवाळीतच बदललाय.

११ डिसेंबर
गंमत आहे. गिझर चालू असतानाच ठिबकतो. बंद केला की हळूहळू थांबतो. वॉशरला काय कळतं गिझर चालू आहे की बंद?

१४ डिसेंबर
आईचा दंडक: बटण बंद केल्याशिवाय कुणी आंघोळीला शिरायचं नाही. शॉकची भीती. आम्हालाही लहानपणापासून तीच सवय. वीस मिनिटांच्या वर गिझर चालतच नाही. थोरला कुरकुरतो, "आजी, ते आपोआप बंद होतं."

१७ डिसेंबर
थोरला क्लासला गेला, बटण चालूच. दीडेक तासाने आईच्या लक्षात आलं. लाल दिवा तसाच. नळ सोडला तर आधी फुसफुस, मग वाफेचा लोट, मग पाणी. प्लॅस्टिकचा मग मऊ पडला.
आई म्हणाली, "आपोआप बंद होतं ना रे?"

१८ डिसेंबर
आठवीच्या वह्या तपासायच्या सोडून मागच्या पानावर गणित मांडलं. २५ लिटर, २ किलोवॅट. १५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला चाळीस मिनिटं. तिथे थर्मोस्टॅटने वीज तोडायला हवी. दीड तास चालू राहिला तर शंभराच्या पुढे. बंद टाकीत दाब असला की पाणी शंभरला उकळत नाही, तापतच राहतं. १५० अंशांना वाफेचा दाब हवेच्या पावणेपाच पट. टाकी फुटली की दाब जातो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. एका लिटरची सोळाशे लिटरच्या वर.
एमसीबी पाडला. त्यावर चिकटपट्टी. सेवा केंद्राला फोन. परवा येतो म्हणाले.

१९ डिसेंबर
गॅसवर पातेल्यात पाणी. आई खूश.

२० डिसेंबर
फिटर आला. कमी बोलणारा. झाकण काढलं. थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट चिकटलेले. पाणी फार तापलं तर वीज तोडणारा कटआउट 'डायरेक्ट' केलेला, म्हणजे दोन वायरी सरळ जोडून वर काळी टेप. मग थंड पाण्याच्या पाइपावरच्या व्हॉल्व्हवर टॉर्च मारला. जास्तीचा दाब बाहेर पडायचं जे तोंड, त्यात पितळी डमी. वर टेफलॉन टेप, चांगली घट्ट.
"हे कुणी मारलं?" एवढंच विचारलं त्याने.
घरमालकांना फोन केला. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी तिथून थेंब पडायचे म्हणून प्लंबरकडून बंद करून घेतलं. "पक्कं काम केलं होतं हो त्याने," असंही म्हणाले.

रात्री
झोप नाही. थर्मोस्टॅट गेला तर कटआउट. कटआउट गेला तर व्हॉल्व्ह. तिन्ही गेलेले. उरली होती फक्त आईची शॉकची भीती.

२१ डिसेंबर
वाचलं. १९ जानेवारी १९८२. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या स्पेन्सर गावची स्टार प्राथमिक शाळा. पाणी तापवायची टाकी फुटली. सहा मुलं आणि एक शिक्षिका गेली.
उद्या शाळेत पहिला तास माझा.

२३ डिसेंबर
नवा गिझर. पैसे घरमालकांनी दिले, जरा वाद घालून. पाटीवर आयएसआय आणि आयएस २०८२ आहे ना, ते आधी पाहिलं. भिंत ठोकून पाहिली फिटरने. पोकळ लागली तिथून हात-दीड हात सरकून बोल्ट मारले. पंचवीस किलोचं पाणीच टांगलेलं असतं म्हणाला. अर्थिंग तपासलं. सॉकेट १६ अँपिअरचा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नव्हता, तो बसवायला लावला.
व्हॉल्व्ह नवा. त्यावर ८ बार लिहिलंय. गच्चीवरची टाकी आमच्यापासून पंधरा मीटर उंच, म्हणजे दीड बार. मग आठ येणार कुठून?

२४ डिसेंबर
तिथूनच थेंब. आई म्हणते, "नवा आणि गळका?"
फिटरला फोन. "मॅडम, गळू द्या. तेच त्याचं काम."
मग लक्षात आलं. पाणी तापलं की फुगतं. व्हॉल्व्हमधली झडप त्याला मागे थंड पाइपात जाऊ देत नाही. नळ सगळे बंद. १५ वरून ६० अंशांवर जाताना २५ लिटरचे ४०० मिलिलिटर वाढतात. खाली तांब्या ठेवला. अर्धाही भरला नाही, पण भरत होता.
म्हणजे जुन्या गिझरचं वाढलेलं पाणी नळातून वाट काढायचं. वॉशरचा दोष नव्हताच.

२६ डिसेंबर
व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी जोडून घेतली. उताराने खाली जाळीपर्यंत. शेवट उघडा, मध्ये कुठे कॉक नाही. आईला समजावून सांगितलं.
"म्हणजे त्यांनी कुकरची शिट्टी बांधून ठेवली होती," ती म्हणाली.

२९ डिसेंबर
खालच्या काकांकडे डोकावले. त्यांच्याही व्हॉल्व्हला डमी. थेंबांनी टाइल्सवर पांढरे डाग पडतात म्हणाले. बोअरचं पाणी, डाग पडणारच. टाकीच्या आतही तेच क्षार बसत असणार. काढून टाका म्हटलं. बघू म्हणाले.

३० डिसेंबर
समोरच्या वहिनी गॅस गिझर घेणार आहेत. विजेचं बिल नको म्हणून. बाथरूमच्या आत बसवणार. खिडकी थंडीमुळे बंद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, हे सांगितलं. बाहेर गॅलरीत बसवा म्हटलं. त्या ऐकतील असं वाटतं.

२ जानेवारी
कडाका. गिझर चाळीस मिनिटांनी बंद पडला, आपोआप. थोरला आजीकडे बघून हसला. आजीने तरीही बटण बंद केलं.

३ जानेवारी
काकांनी डमी काढली. आत गंज. व्हॉल्व्ह अडकलेला. नवा मागवलाय. तोवर गिझर बंद.

४ जानेवारी
सोसायटीच्या फळ्यासाठी सूचना लिहिली. सेक्रेटरी म्हणाले, लांब होतेय, कमी करा. एवढी ठेवली:
'गिझरच्या व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब बंद करू नका. पाणी तापल्यावरही लाल दिवा विझत नसेल, गरम नळातून वाफ येत असेल, तर मुख्य स्विच बंद करून फिटरला बोलवा. कटआउट डायरेक्ट करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.'