गंज पेठ ते पंढरपूर: दोन दारांमधला रस्ता

पुण्याहून पंढरपूरला जाणारे सायकलस्वार बहुधा हडपसरला जमतात आणि तिथून निघतात. मी गंज पेठेतून निघालो, महात्मा फुल्यांच्या वाड्यापासून. पहाटे वाडा बंद होता, पेठेत दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर कुणी नव्हतं. याच पेठेत, स्वतःच्या राहत्या घरी, १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. त्याच सुमारास एका ब्राह्मण विधवेला, नवजात मुलाला मारल्याबद्दल, काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. फसवणारा पुरुष मोकळा होता. फुले दांपत्याने शहरात जाहिराती लावल्या: अशी वेळ आलेल्या बाईने आमच्याकडे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे तिने ठरवावं. पुढच्या काळात पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या, असं जोतीरावांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांतल्याच एकीचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तेव्हा त्या यशवंतच्याच दवाखान्यात काम करत होत्या.

यशवंत फुल्यांच्या घरात आला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७५ मध्ये, पंढरपुरात असंच एक दार उघडलं. ते आजही उघडं आहे. मला तिथे जायचं होतं. रस्ता ज्ञानदेवांच्या पालखीचाच धरला: सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

दिवे घाट सायकलवाल्याला पहिल्याच तासात जोखतो. पालखीच्या दिवशी हा घाट माणसांनी भरून वाहतो, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. हिवाळ्यातल्या पहाटे मात्र तिथे ट्रकचे दिवे आणि आपला श्वास एवढंच असतं. खाली मस्तानी तलाव दिसतो. सगळ्यात हलका गिअर लावायचा, मान खाली घालायची आणि पुढच्या दहा फुटांचाच विचार करायचा. वर पोचलं की कऱ्हेचं पठार लागतं आणि तिथून सासवडपर्यंत पाय सुटतात.

सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे. त्या अंगणात बसून मी गूळ-शेंगदाणे खाल्ले. एरवी आपण या भावंडांना संत म्हणूनच ओळखतो, म्हणून एक गोष्ट नजरेतून निसटते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही आईबाप गेलेली चार मुलं होती. परंपरा सांगते की संन्यास सोडून संसारात परतल्याबद्दल विठ्ठलपंतांना आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मागे राहिलेल्या मुलांना गावाने संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं, त्यांच्या मुंजीलाही नकार दिला. ज्या पालखीपुढे आज लाखो माणसं चालतात, ती अशा एका पोरक्या मुलाची आहे. आणि ती जिथे पोचते त्या पंढरपुरात गंगाखेडची जनी वाढली. आई गेल्यावर लहानपणीच ती नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी आली आणि तिथलीच झाली. वारीचा हा रस्ता पोरक्या मुलांनी घडवलेला आहे असं मला वाटतं, आणि हे मी भाविकतेपोटी म्हणत नाही.

जेजुरीचा गड उजव्या हाताला ठेवून पुढे निघालो. वाल्हे, मग नीरा. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. लोणंदनंतर रस्ता रुंद आणि सपाट होतो, पण थंडीत वारा पूर्वेकडून येतो आणि पंढरपूरकडे जाणाऱ्याला तो सतत समोरून लागतो. चढ संपतो, पण वारा संपत नाही. फलटणला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी बरडच्या पुढे, धर्मपुरीपाशी, सोलापूर जिल्हा लागला आणि नातेपुते-माळशिरसपर्यंत उसाच्या बैलगाड्यांची सोबत मिळाली. गळिताचा हंगाम होता. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या होत्या. तोडणीला आलेल्या एका टोळीजवळ चहासाठी थांबलो, तर कोपीपुढे आठ-नऊ वर्षांची मुलगी मांडीवर भावाला घेऊन बसलेली. आईबाप फडात. ही मुलं अनाथ नाहीत. पण निम्मं वर्ष शाळा सुटलेली, गाव सुटलेलं, रात्री-बेरात्री तोडणीला जाणारे आईबाप, हे पाहिल्यावर मूल एकटं पडण्याच्या किती पायऱ्या असतात ते लक्षात येतं. अनाथपण ही शेवटची पायरी आहे. वरच्या पायऱ्यांवर आधार मिळाला तर पुष्कळ मुलं तिथवर घसरणार नाहीत.

वेळापूर, वाखरी आणि दुपार कलताना पंढरपूर. कळसाचं दर्शन घेतलं आणि थेट चंद्रभागेच्या वाळवंटात गेलो. या वाळवंटाची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय, मी ज्यासाठी आलो होतो त्या बालकाश्रमाची गोष्ट सांगता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात बालविधवांची संख्या अफाट होती. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ मध्ये झाला, पण उच्चवर्णीय घरांत त्याची सावलीसुद्धा पडली नाही. घरातली विधवा गरोदर राहिली की तिला घेऊन यात्रेला निघायचं, ही पळवाट होती. पंढरपूर त्यासाठी सोयीचं. गर्दीचं गाव, परमुलखातली माणसं, कुणी कुणाला ओळखत नाही. बाई इथे बाळंत व्हायची आणि मूल नदीकाठी, एखाद्या देवळाच्या पायरीशी टाकलं जायचं, किंवा त्याहून वाईट घडायचं. उघडकीला आलंच तर खुनाचा आरोप आईवर. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली आणि अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं.

या प्रकरणाच्या काही वर्षं आधी पंढरपूरच्या दिवाणी न्यायालयात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ न्यायाधीश होते. प्रार्थना समाजाचे माणूस. मुंबईत १८६७ साली आत्माराम पांडुरंगांनी स्थापन केलेल्या आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी वाढवलेल्या त्या समाजाची संख्या कधीच मोठी नव्हती, पण कामाला लागणारी माणसं त्यात होती. लालशंकरांना निकाल देऊन स्वस्थ बसता आलं असतं. त्यांनी १८७५ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. बाईने यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. लगेच पुढच्या वर्षी दख्खनचा तो भीषण दुष्काळ सुरू झाला, १८७६ ते ७८ चा. त्यात सोलापूरचा हा भाग होरपळून निघाला आणि मागे राहिलेल्या मुलांना अनाथाश्रमाची गरज किती आहे ते सगळ्यांना दिसलं. लालशंकर पुढे गुजरातेत गेले आणि अहमदाबादेत १८९२ मध्ये त्यांनी महिपतराम रूपराम अनाथाश्रम उभा केला. पंढरपूरची संस्था आज प्रार्थना समाजाच्याच वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने, वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली जाते. विठ्ठलमंदिराचं दार सर्वांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात याच गावात उपोषण करावं लागलं. त्याच्या बहात्तर वर्षं आधी इथे एक दार जात न विचारता उघडलं होतं. पंढरपूरचा इतिहास लिहिताना १८७५ हे साल ठळक अक्षरांत यायला हवं.

बालकाश्रमात जायची परवानगी आधीच घेतली होती. फोटो काढायचे नाहीत, मुलांना त्यांच्या घराविषयी विचारायचं नाही, हे तिथल्या ताईंनी फोनवरच सांगितलं होतं. मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा मुलांविषयी मी बेताचंच सांगेन.

सायकल आत घेतल्याबरोबर प्रश्न सुरू झाले. पंढरपूरला येताना चढ लागतो का, काका? रात्री लाइट कुठून येतो? कुत्री मागे लागतात का? एवढं चालवून दुखतं कुठे? मी मागचं चाक काढून पंक्चर कसं काढतात ते दाखवलं. टायर लीव्हर, पॅच, सोल्यूशन, पंप. मोठ्या मुलांनी लगेच माझ्या हातून काम काढून घेतलं आणि माझ्यापेक्षा चटकन टायर रिमवर चढवला. सगळ्यात धाकटं एक जण पेडल उलटं फिरवून फ्रीव्हीलचा आवाज ऐकत बसलं.

मग थोरल्या मुलींपैकी एकीने विचारलं, “पुण्यात कॉलेजला राहायचं तर महिन्याला किती पैसे लागतात?”

सगळ्या प्रवासात कुणी विचारलेला हा सगळ्यात मोठा प्रश्न होता. बालगृहाचा आधार अठराव्या वर्षापर्यंतचा असतो. आपल्या घरातली अठरा वर्षांची मुलं बारावीचे क्लास, बाबांची गाडी आणि आईचा डबा यांच्या भरवशावर असतात. या मुलांनी त्याच वयात खोली शोधायची, फी भरायची, कागदपत्रं जमवायची. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत पुढची काळजी घेण्याची तरतूद आहे, अनुरक्षण गृहं आहेत, महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये शिक्षणात आणि नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षणही दिलं. हे फार मोलाचं पाऊल आहे. पण त्या एका टक्क्यापर्यंत पोचायला अनाथ प्रमाणपत्र लागतं, फॉर्म लागतो, वसतिगृह लागतं, आणि तुझं काय चाललंय असं दर आठवड्याला फोन करून विचारणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी आपल्याला होता येतं.

म्हणून वाढदिवसाचा केक आणि फळं घेऊन जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: खाऊ जरूर न्या, मुलांना तो आवडतो. पण संस्थेत आधी फोन करून, या वर्षी दहावी-बारावी पार करणारी मुलं किती आहेत आणि त्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी काय कमी पडतं आहे, ते विचारा. एका मुलाच्या तीन वर्षांच्या खोलीभाड्याची जबाबदारी चार मित्रांनी मिळून घेतली तर ती कुणालाच जड नाही. दरवर्षी शेकड्यांनी सायकलस्वार पंढरपूरची वारी करतात. वाखरीहून गावात शिरलात की दर्शन घ्या, आणि परवानगी मिळाली तर तासभर इथेही या. पंक्चर काढायचं सामान जरा जास्त आणा.

आणि १८७५ मधली ती बाई आजही कुठल्यातरी स्टँडवर उभी असते. तिला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. मूल सांभाळणं शक्य नसेल तर बालकल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येतं, नाव गुप्त राहतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि परिस्थितीपुढे इलाज नव्हता म्हणून मूल सोडावं लागलं तर आईबापांना शिक्षा नाही. संकटातल्या मुलासाठी फोन करायचा क्रमांक १०९८ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.