एक बाद दोन

मोंढ्यात माल उतरला की सौदा निघेपर्यंत माणसाला काम नसतं. पोत्यावर बसायचं अन् बोलायचं. आधी ज्वारी-तूर घेऊन, पुढं सोयाबीन घेऊन मी लातूरच्या बाजारात येतो, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. तिथं राजकारणाच्या खालोखाल भांडण होतं ते क्रिकेटवर. त्यातलं एक भांडण तर किती तरी सालांपासून मिटलेलं नाही : कसोटीत तिसऱ्या नंबरावर उतरणारा सगळ्यात मोठा फलंदाज कोण?

आमच्या गावचे एक रिटायर मास्तर ब्रॅडमनच्या पुढं कुणाचं नाव घेऊ देत नाहीत. "५२ कसोटी, सरासरी ९९.९४. झाला विषय," म्हणतात. माझा पुतण्या मोबाइल काढून पाँटिंगच्या १३,३७८ धावा अन् ४१ शतकं वाचून दाखवतो. तेवढ्यावर भागलं नाही तर संगकाराच्या १२,४०० काढतो. एक म्हातारे हमाल आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांचा माणूस मोहिंदर अमरनाथ. "मास्तर, सरासरी नका सांगू गा," मामा म्हणतात, "मार्शलचा बॉल तोंडावर बसला, रगत आलं, टाके घातले, अन् गडी पुन्हा खेळायला आला. आल्या आल्या होल्डिंगला सिक्स मारला. ते कोणच्या सरासरीत बसवता?"

मला मामांचं बोलणं पटतं. त्याचं कारण क्रिकेटातलं नाही, रानातलं आहे.

आमचं रान माळाचं, मुरमाड. एका साली शेंगा भरायच्या वेळेलाच पावसानं तीन आठवडे दडी मारली. ओढ्याकडच्या काळ्या रानांनी ओल धरली, त्यांचं निभावलं. माझं एकरी दोन क्विंटलवर आलं. विमा उतरवलेला होता. पण विमा एकेकाच्या रानाचा हिशोब करत नाही. महसूल मंडळात काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी निघते, ती उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तरच पैसे. मंडळाची सरासरी वर राहिली अन् मी खाली राहिलो. आकडा खोटा नव्हता, फक्त माझ्या रानाचं त्याच्यात काही नव्हतं. तेव्हापासून कुणी सरासरी सांगितली की मी विचारतो, कोणत्या रानाची?

तिसऱ्या नंबराचं काम मला दुबार पेरणीसारखं वाटतं. पहिली पेरणी साधली तर त्याला पॅड बांधून दिवसभर नुसतं बसायचं. नाही साधली तर दुसऱ्याच षटकात उठून जायचं, अन् तेही पहिलं बियाणं वाया गेलेलं डोळ्यांदेखत बघून. सलामीवाल्याला आपली वेळ ठाऊक असते, पाचव्या-सहाव्याला थोडा अंदाज असतो. तिसऱ्याला काहीच ठाऊक नसतं. म्हणून त्यानं किती धावा केल्या ते विचारायच्या आधी, तो आत आला तेव्हा फळ्यावर काय होतं ते विचारावं.

असं विचारलं की आपल्या अजित वाडेकरचं नाव निघतं. ३७ कसोटी, २,११३ धावा, सरासरी ३१. शतक एकच, १९६८ साली वेलिंग्टनला १४३. पुतण्याच्या यादीत तो कधीच येणार नाही. पण १९७१ च्या ऑगस्टात ओव्हलवर काय झालं ते बघा. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं अन् जिंकायला १७३ पाहिजे होत्या. गावसकर शून्यावर गेला. फळ्यावर १ बाद २. तिथं कप्तान वाडेकर स्वतः आत आला अन् ४५ करून गेला. पहिल्या डावात त्याच्या ४८ होत्याच. इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदा मालिका जिंकली ती अशी. या ४५ धावा सरासरीत टाकल्या तर दिसतसुद्धा नाहीत.

मोहिंदरचंही तसंच. १९८२-८३ ला पाकिस्तान अन् वेस्ट इंडीज, दोन्ही परक्या मुलखांत मिळून ११ कसोटींत १,१८२ धावा, ५ शतकं. समोर इम्रान, मार्शल, होल्डिंग. अन् त्याच साली वेस्ट इंडीज आपल्याकडं आली, तर ६ डावांत मिळून १ धाव. हे मामा सांगत नाहीत, मास्तर आठवणीनं सांगतात. आमच्याकडं एका साली एकरी दहाचा उतारा येतो, पुढच्या साली बियाणाचेही पैसे निघत नाहीत. दोन्हींची सरासरी काढली तर ती ना या सालाची, ना त्या सालाची.

तरी मास्तरांवर अन्याय नको. १९३० ला लीड्सवर ऑस्ट्रेलियाचा पहिला गडी दुसऱ्याच षटकात गेला होता. तिथं ब्रॅडमन आला अन् त्या एका दिवसात ३०९ करून नाबाद राहिला. फळ्यावरचं विचारलं तरी तो माणूस लहान होत नाही. सगळ्यात मोठा फलंदाज तोच, हे मी मास्तरांना कबूल करून टाकलंय.

पण तिसऱ्या नंबराचा माणूस कोण म्हणाल, तर माझं मत द्रविडला. २००२ ला हेडिंग्लेवर ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी, अन् गांगुलीनं टॉस जिंकून फलंदाजी घेतलेली. सेहवाग ८ वर गेला. द्रविडनं चेंडू अंगावर घेतले, सोडले, अडवले अन् १४८ केल्या. त्याच डावात सचिनच्या १९३ अन् गांगुलीच्या १२८ आहेत, पण त्यांना रान नांगरून दिलं ते द्रविडनं. सगळ्या कसोट्या मिळून तो ३१,२५८ चेंडू खेळला. इतके दुसरं कुणीच खेळलेलं नाही.

अन् २००१ ला कोलकात्यात, फॉलोऑन मिळालेला असताना, त्याची ही हक्काची जागा काढून लक्ष्मणला दिली. लक्ष्मणनं तिथं २८१ केल्या. द्रविड सहाव्या नंबरावर आला अन् दुसऱ्या बाजूनं १८० केल्या. दोघांची भागीदारी ३७६ ची. तिसऱ्या नंबरावरची आपल्याकडची सगळ्यात मोठी खेळी झाली तेव्हा तिसऱ्या नंबराचा माणूस समोरच्या टोकाला उभा होता.

पुतण्या म्हणतो, "काका, मग पुजारा?" तोही त्याच वाणाचा. २०१८-१९ ला ऑस्ट्रेलियात १,२५८ चेंडू खेळून ५२१ धावा काढल्या अन् तिथं आपण पहिल्यांदा मालिका जिंकली. पोरं त्याला संथ म्हणतात. म्हणू द्या.

माझं मागणं एवढंच की नावापुढं धावा अन् सरासरी लिहा, पण शेजारी आणखी एक रकाना ठेवा : आला तेव्हा किती बाद किती. विम्याच्या कागदालाही असा रकाना पाहिजे : रान कसलं, अन् पाऊस कधी गेला.