सातवे वर्ष आणि मुलाचा ताबा

"सात वर्षे पूर्ण झाली की मुलगा आपला." वर्षभर हे वाक्य आमच्या कल्याणच्या घरात रोज कोणी ना कोणी बोलते आहे. भाभी मुलाला घेऊन कौशाला माहेरी राहतात. तलाक झालेला नाही, खुलाही नाही. भाईजाननी खर्च थांबवला, कारण भाभी मुलाला भेटू देत नाहीत. भाभी भेटू देत नाहीत, कारण खर्च येत नाही. कल्याणहून मुंब्रा लोकलने अर्ध्या तासावरही नाही!

मी त्या मुलाची फुफी. ठाण्यात ओळखीच्या वकीलबाईंकडे मी गेले, तेव्हा घरच्यांना वाटले, मी भावाची बाजू भक्कम करायला चालले आहे. बाईंनी आधी एवढेच विचारले, "मुलगा राहतो कुठे? त्याचे आजारपण कोण काढते?"

हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत, म्हणजे सांभाळण्याचा हक्क, आईकडे असतो. वली बापच राहतो. पण म्हणून वाढदिवसाच्या सकाळी मुलगा आपोआप बापाच्या घरी जात नाही. न्यायालय 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने चालते. त्यात आपला शरई कायदा, मुलाचे वय पाहतात, समजत्या मुलाचे मतही विचारात घेतात. पण सर्वांत वर मुलाचे हित. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नऊ वर्षांच्या मुस्लिम मुलाचा ताबा आईकडे दिला. लातूर जिल्ह्यातील खालच्या न्यायालयाने तो बापाला दिला होता. अर्जही मूल नेहमी राहते तिथल्या न्यायालयात करायचा. म्हणजे आमच्या बाबतीत ठाण्यात, कल्याणात नाही.

भाईजानच्या मित्रांचा सल्ला वेगळाच होता: शाळा सुटताना मुलाला सरळ उचलून आणा. हे मी सांगितले तेव्हा वकीलबाई पहिल्यांदा चिडल्या. म्हणाल्या, असा बाप न्यायाधीशांपुढे स्वतःच स्वतःची केस बिघडवतो. भेट हवी तर भेटीचा अर्ज करा, अंतरिम आदेश मागा. बापाला भेटण्याचा हक्क आहे आणि आईने मनात आले म्हणून तो अडवू नये, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

खर्चाचा मुद्दा मात्र भाईजानना झोंबला. नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच सांगितले आहे की मुस्लिम मुलांचा खर्च हा मुलांचा स्वतःचा हक्क आहे: मुलगा सज्ञान होईपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत. तेव्हाचे कलम 125 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 144 झाले, एवढाच फरक. भाभींशी भांडण आहे म्हणून मुलाची फी अडवता येत नाही. सूरह बकराची 233 वी आयत तर आई आणि बाप दोघांची नावे घेऊन सांगते की मुलापायी कोणालाही त्रास देऊ नये. आपण ती फक्त दुसऱ्या बाजूला ऐकवतो.

भाईजान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी शाळेची फी भरली आणि पावतीचा फोटो भाभींना पाठवला. उत्तर नाही. पुढच्या महिन्याचे पैसेही गेले. गेल्या जुम्याला भाभींच्या अब्बांचा मला फोन आला: रविवारी मुलाला मुंब्रा स्टेशनपाशी आणतो, दोन तासांसाठी, बापाने एकट्याने यावे, दादीने नको.

अम्मी खूप रडल्या. भाईजान एकटेच गेले.